सुपाआधीची कॉफी

मिलुन्काशी माझं कधीच फारसं जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बाई हट्टी, बोलणं तुटक, हसणं सणासुदीपुरतं. रास्पबेरीच्या शीतगृहात एकाच सरकत्या पट्ट्यावर आम्ही समोरासमोर उभ्या असायचो. गोठलेली फळं खडखडत यायची आणि आम्ही त्यातली फुटकी, देठाची, पानं चिकटलेली वेचून काढायचो. बाकीच्या बायका हात चालवता चालवता सुनांचे वाभाडे काढत. ही मात्र खाली मान घालून पट्ट्याकडे बघत राही. लग्न केलं नाही. भाऊ ऑस्ट्रियात गेला, तो तिकडचाच झाला. घरात ती आणि तिची आई स्तामेना, आणि आई अंथरुणाला खिळलेली.

त्या घराचं गाडं एकाच गोष्टीवर चालायचं. मिलुन्का सकाळच्या शिफ्टला असताना शेजारची जागोर्का म्हातारीपाशी बसे. दुपारी जागोर्का शाळा झाडायला निघायची, तोवर मिलुन्का घरी पोचायची. त्यानंतर म्हातारीची कूस बदलायला, तिला पाणी पाजायला मिलुन्काशिवाय दुसरं माणूस नव्हतं. हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, रातोमिरलाही.

रातोमिर म्हणजे आमचा मॅनेजर. पलीकडच्या वाडीचा पोरगा, बेलग्रेडला चार वर्षं राहून आला आणि आम्हाला मावशी म्हणायला लागला. तो मावशी म्हणाला की समजायचं, आता काहीतरी लुबाडणार.

ऑक्टोबरात एक दिवस तो पट्ट्यापाशी आला. "मिलुन्का मावशी, एक विनंती होती. दुपारच्या दोन पोरी पळाल्या स्लोव्हेनियाला. सोमवारपासून तुम्ही दुपारच्या शिफ्टला या."

"जमणार नाही."

"का बरं?"

"आई आहे."

"आई सगळ्यांनाच असते, मावशी."

"असते ना. तुझ्या आईला दुपारी पाणी कोण देतं रे? तू देतोस की बायको?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रातोमिरचे कान लाल झाले. "विनंती आहे म्हणून गोडीत सांगतोय."

"विनंतीला नाही म्हणता येतं. म्हटलं मी," मिलुन्का म्हणाली आणि पुन्हा फळं वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला पट्ट्यावरून काढून गोठणखोलीत घातलं, क्रेट उचलायला. तिथे बापे लोकसुद्धा थोडा वेळ थांबून बाहेर पळतात. पन्नाशीची ही बाई बाहेर यायची तेव्हा भुवयांवर बर्फ आणि ओठ निळे. तरी हूं की चूं नाही. मग त्याने दुसरी चाल खेळली. आम्हा सगळ्यांना जमवून म्हणाला, "मिलुन्का मावशी येत नसतील तर तुमच्यातली एक जाईल. कोण, ते तुम्हीच ठरवा."

झालं. जी आग त्याच्यावर पाखडायची ती बायकांनी तिच्यावर पाखडली. विदोसावा तर तिच्या तोंडावर म्हणाली, "तुझी आई म्हणजे काय बिशप लागून गेली? आमच्या घरी काय दगड राहतात?" सुट्टीत तिला कुणी खुर्ची देईना, कॉफीचं भांडं तिच्यापर्यंत पोचेना. मला रातोमिरचा संताप यायचा, बायकांचा यायचा, आणि खरं सांगू, मिलुन्काचाही यायचा. दोन गोड शब्द बोलली असती तर तिचं काय गेलं असतं?

तशातच संत लुकाचा दिवस आला. तो मिलुन्काच्या घरचा संत. घरच्या संताच्या दिवशी आमच्यात कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही. पण नेहमी येणारा आला नाही, तर ते उघड भांडण. त्या रविवारी पट्ट्यावरची एकही बाई आली नाही. मी गेले. मैत्रीण म्हणून नाही. संत लुका काही रातोमिरच्या हाताखाली कामाला नव्हता, म्हणून गेले.

म्हातारीचा पलंग पुढच्या खोलीत आणला होता. लांबलचक टेबल मांडलेलं, मेणबत्ती पेटलेली, कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केलेल्या सार्म्याचं भलंमोठं पातेलं चुलीवर, आणि जेवायला जागोर्का आणि मी. म्हातारी सारखी विचारत होती, "बाकीच्या कुठे गं?" मिलुन्का सांगत होती, "येतील."

आणि दारात उभा कोण, तर रातोमिर. हातात वाईनची बाटली, कॉफीचा पुडा, डोक्याला तेल चोपडलेलं.

त्याने शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा घेतला, छातीवर क्रूस काढला, थेट पलंगापाशी जाऊन म्हातारीचा हात धरला. "आजी, संत लुका पाठीशी राहो!"

म्हातारी हरखली. कित्येक दिवसांनी घरात पाहुणा पुरुष. "बस रे लेकरा, बस. मिलुन्का, वाढ त्याला."

मिलुन्काने ताट ठेवलं, चमचा ठेवला, पेल्यात राकिया ओतली, आमची फळांची दारू. या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, पाहुण्यांमागे उभं राहायचं असतं. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. त्याने पेला संपवला आणि म्हणाला, "आजी, एक मागू? आज नाही म्हणायचं नसतं."

"माग की."

"मिलुन्का मावशींना दुपारच्या शिफ्टला मला द्या. थोडेच महिने."

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. नालायक! घरी येऊन, संताच्या मेणबत्तीसमोर, बिछान्यातल्या बाईकडे तिचंच पाणी मागत होता.

म्हातारीने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "दे गं, मिलुन्का. पाहुणा तोंड उघडून मागतोय. माझं काय, पडून राहीन."

मिलुन्का आत गेली. सूप आणायला गेली असं आम्हाला वाटलं. ती आली ती एकाच कपात कॉफी घेऊन. तिने रातोमिरसमोरचं कोरं ताट उचललं, चमचा उचलला, आणि तिथे तो कप ठेवला.

आमच्याकडे जेवणं झाली, गप्पा संपल्या, पाहुणा तरी हलेना, की यजमानीण शेवटची कॉफी आणते. ती आली की पाहुण्याने समजायचं आणि टोपी शोधायची. तान्ह्या पोरालाही कळतं ते. पण सुपाच्या आधी, कोरं ताट उचलून, तेही संताच्या दिवशी? असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

रातोमिर पांढराफटक पडला. "मावशी, मी अजून जेवलो नाही."

"माहीत आहे. पी."

त्याने कपाला हात लावला नाही. उठला, टेबलावरून एक नजर फिरवली, जागोर्कावरून, माझ्यावरून, आणि दार आपटून गेला.

म्हातारी किंचाळलीच. "या घरातून संताच्या दिवशी कुणी उपाशी गेलं नव्हतं! युद्धातसुद्धा नाही! माझ्या नावावर हे पाप कशाला? मी सांगितलं होतं तुला, माझ्यासाठी भांड म्हणून?"

"नाही सांगितलंस. तहान लागली की हाक मात्र मलाच मारतेस."

म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मिलुन्का सूप घेऊन गेली तर ओठ घट्ट मिटून घेतले. तीनदा चमचा नेला, तीनदा परत आला. शेवटी मिलुन्का रातोमिरच्याच खुर्चीत बसली आणि ते सूप स्वतः प्यायली, डोळ्यांतून पाणी गळत असताना, आम्हा पाहुण्यांच्या देखत. मी सार्मे वाढून घेतले आणि खात राहिले.

सोमवारी सकाळी ती गोठणखोलीत न जाता पट्ट्यावरच्या आपल्या जुन्या जागेवर येऊन उभी राहिली. पट्ट्यावर सगळ्यांना सगळं माहीत झालेलं. जागोर्काची जीभ काही रविवारीही थांबत नाही. बायका श्वास रोखून बघत होत्या. रातोमिर आला. मिलुन्काकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. माझ्यामागे येऊन थांबला.

"रादोयका मावशी, तुम्ही आत्ता घरी जा. आजपासून दुपारी यायचं. ही विनंती नाही."

माझं अंग जळून गेलं. विदोसावाकडे बघितलं, तर ती अगदी मन लावून फळं वेचत होती. सगळ्याच वेचत होत्या.

दुपारी कामावर परत आले तेव्हा नवऱ्यासाठी गार घेवड्याची वाटी झाकून ठेवली होती आणि त्याची बडबड ऐकून डोकं उठलं होतं. फाटकात मिलुन्का भेटली. थांबली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "रादोयका, तू माझ्याकडे जेवायला आलीस म्हणून..."

"आता तोंड उघडू नकोस," मी खेकसले. "जागोर्का निघाली असेल. घरी जा. म्हातारी तहानलेली असेल."

ती धावतच सुटली.