हॉटडिशमधला नंबर

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात वेबसाइट बनवणाऱ्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघं. आर्लेन सोडरक्विस्ट सगळ्यांत जुना, वय छप्पन्न. गिऱ्हाइकाला वेबसाइटचा नमुना दोन दिवसांत दाखवता यावा म्हणून त्यानं एक तयार संच बांधला होता. मथळा, फोटोंच्या जागा, फॉर्म, तळाशी पत्ता आणि फोन. नाव आणि रंग बदलले की नमुना उभा. आम्ही त्याला हॉटडिश म्हणायचो, इकडच्या एका घरगुती पदार्थावरून. घरात असेल ते भांड्यात घाला, वर बटाटा पसरा, ओव्हनमध्ये सारा.

फोनच्या जागी त्यानं स्वतःचा मोबाइल नंबर घातला होता.

"कुठलातरी खोटा घाल की," मी एकदा म्हटलं.

"खोटा म्हणून घातलेला नंबरसुद्धा कुणाचा तरी निघतो. त्रास व्हायचा तर मला होऊ दे."

जानेवारीत, घर गरम ठेवायला मदत करणाऱ्या एका संस्थेच्या बाईंनी नमुना पाहिला. त्यांना तो फारच आवडला. "हीच वेबसाइट चालू करा ना. लोक गारठतायत." आर्लेनला नाही म्हणता येत नाही. पहिल्या पानावरचा नंबर त्यानं बदलला. 'तातडीची मदत' हे पान तसंच राहून गेलं.

दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन वाजला. हातात सँडविच होतं, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"मी व्हर्ना लाहती. फर्नेस सकाळपासून बंद आहे, घर गार पडलंय. माणूस कधी पाठवताय?"

आर्लेननं सँडविच खाली ठेवलं. संस्थेचा खरा नंबर तिला दोनदा सांगितला. मी पान दुरुस्त केलं, दोन मिनिटं लागली. दहा मिनिटांत तिचा पुन्हा फोन.

"तिथे कुणी उचलत नाही रे बाबा. तू उचलतोस."

"बाई, मी वेबसाइट बनवतो. फर्नेसमधलं मला काही कळत नाही."

"मग तुझा नंबर तिथे कशाला? शोभेला?"

तिचं घर साठ मैल उत्तरेला, आणि रस्ता बर्फानं बंद. मी शेरिफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, कचेरीला फोन लावला. गाडी पाठवू म्हणाले, पण आधी अकरा घरं आहेत. आर्लेन तिच्याशी बोलत राहिला.

"घरात अजून कोण आहे?"

"मांजर. तिचा कोट माझ्यापेक्षा जाड आहे."

"पांघरुणं घेऊन स्वयंपाकघरात बसा."

"एक्क्याऐंशी हिवाळे काढलेत मी. मला नको शिकवू."

हळूहळू थंडीनं तिची वाक्यं तुटायला लागली. मग म्हणाली, "थांब हं, दाराशी काहीतरी वाजलं." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आम्ही ऐकत बसलो. घड्याळाची टिकटिक, एकदा मांजर. वीस मिनिटांनी लाइन तुटली. नंतर कितीही लावला तरी तिचा फोन गुंतलेलाच.

दुसऱ्या दिवशी आर्लेननं शेरिफच्या कचेरीत तिच्याबद्दल विचारलं.

"नातेवाईक आहात?"

"नाही."

"मग काही सांगता येणार नाही."

संचातली नंबरची जागा आता रिकामी आहे. पण ते जुनं पान चर्चमध्ये कुणीतरी आधीच छापून लावलं होतं, लोकांनी फ्रिजवर चिकटवलं होतं. अजून फोन येतात. आर्लेन पहिल्याच घंटीला उचलतो, खरा नंबर सांगतो, आणि पलीकडून कोण बोलतंय ते विचारतो.

"नंबर बदलून टाक ना," मी परवा म्हटलं.

"आणि तिनं लावला तर?"