आक्कानं लिंपलेल्या भेगा

फोन सुभाषच्या ड्रायव्हरनं केला. "मावशी, आईसाहेब गेल्या... सायबांनी कळवायला सांगितलंय." माझ्या सख्ख्या बहिणीच्या मरणाची बातमी तिच्या पोटच्या पोरानं स्वतः द्यावी, एवढीही सवड त्याला नव्हती. परळीच्या माझ्या घरात मी तेव्हा फरशी पुसत होते. आमच्याकडे वीज केंद्राची राख सकाळी पुसली की दुपारी पुन्हा हजर असते. ओलं फडकं हातात धरून मी तशीच खाली बसले. रडू आलं नाही. संताप आला, आणि इतके आठवडे उलटले तरी तो उतरलेला नाही. पुरवणीच्या संपादकांनी "हळवं काहीतरी लिहा" असं सांगितलंय. ते मला जमणार नाही, आधीच सांगते.

आक्का माझ्याहून बरीच थोरली. आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडायचं, त्यात लग्न झाल्यापासून आक्का असायची. मी शिकले, मास्तरीण झाले, ते तिनं कोयता चालवला म्हणून. एका सुट्टीत मी तिच्याकडे फडावर गेलते. कारखान्यानं दिलेल्या बांबूंवर चटया टाकून कोपी उभी केलेली, वाकून आत जायचं. बाकीच्या बायका आधी चूल मांडत होत्या, आणि ही बाई दिवसभर गाडीतून हादरे खात येऊनही कोपीतली ढेकळं फोडून जमीन सारवत बसलेली. मी म्हटलं, "आक्का, दुसऱ्याचं रान हे. ऊस संपला की जायचं. कशाला एवढं?" हात न थांबवता ती म्हणाली, "आपुन बसतो ती भुई आपलीच की गं. तिला उघडी ठिवायची व्हय?" सारवण वाळल्यावर तिच्या बोटांच्या कमानी जमिनीवर उठून दिसायच्या. त्या बघितल्या की ती कोपीसुद्धा घर वाटायची.

त्याच कोपीत वाढलेला सुभाष पुढं मुकादम झाला, मग सहकारी साखर कारखान्याचा संचालक. चांगलं झालं, मी पेढे वाटले होते. त्यानं गावात बंगला बांधला. दिवाणखान्यात सागवानी जमीन आणि झोपायच्या खोल्यांत बांबूच्या फळ्या, मधाच्या रंगाच्या, पाय घसरेल इतक्या गुळगुळीत. ती बसवायला पुण्याहून गुत्तेदार आला होता. वास्तुशांतीला आक्का त्या फळ्यांवर पाय आखडून उभी होती. मला म्हणाली, "जलमभर बांबू डोक्यावर हुता, आता पायाखाली आला. ह्याला सुलटं म्हनायचं का उलटं?" आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. सूनबाईनं मात्र त्याच दिवशी तिला बजावलं, ओल्या पायानं आत यायचं नाही. अख्खी हयात पाय धुऊन घरात आलेली बाई, तिला दारात फडक्यानं पाय कोरडे करायला लावले.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, बोअर फुसफुसले. उन्हानं फळ्या आक्रसल्या आणि त्यांच्यात भेगा पडल्या. गुत्तेदार फोनवर म्हणाला, खोल्यांत ओल ठेवा, नाहीतर जमीन जाईल. सुभाषनं हवेत ओल सोडणारी यंत्रं आणली, एकेका खोलीत एकेक. त्यांच्या टाक्या सकाळ-संध्याकाळ भरायच्या. पाणी कुठलं, तर कारखान्याच्या टँकरचं. तो आधी बंगल्यावर रिकामा व्हायचा आणि उरलंसुरलं गल्लीत जायचं. सभासदांच्या जिवावर उभा राहिलेला कारखाना, आणि त्याचा टँकर फळ्यांची तहान भागवायला! समोरची गयाबाई, आक्काच्या कोयत्याची जोडीदारीण, गुडघे धरून पाण्याच्या नंबरात उभी राहायची. आक्कानं मला ते यंत्र दाखवलं, त्यातून निघणाऱ्या वाफेत हात धरून. "बघ, भुईला पाणी पाजतंय माझं लेकरू. गया तिकडं हंडा घिऊन हुबी हाय, अन् ह्ये पाणी हवेत उडतंय." तिचा आवाज चढला नाही. पण त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की ती आपल्या खोलीतल्या यंत्राची टाकी ओढून काढायची, पदराखाली धरून समोर न्यायची आणि गयाबाईच्या हंड्यात ओतायची.

व्हायचं तेच झालं. तिच्या खोलीतल्या भेगा सगळ्यांत रुंद झाल्या. सुभाष ओरडला. तेव्हा आक्कानं काय करावं? भुईला भेग पडली की जे करतात तेच केलं. शेण आणलं, पांढरी माती आणि भुसा घातला, वाटीभर पाण्यात मळलं आणि त्या महागड्या बांबूच्या भेगा लिंपून टाकल्या. वर खोलीभर हात फिरवला. तिला खरंच वाटलं, पोराचं नुकसान भरून काढलं. मला फोनवर अभिमानानं सांगत होती, "लई झ्याक झालं बग. आता त्येला पाणी लागत न्हाई." पॉलिशवरचं वाळून निघालं, पण भेगांत बसलं ते बसलंच, आणि पॉलिश उडालेल्या भिंतीकडच्या कोपऱ्यात तिच्या बोटांच्या कमानी राहिल्या.

त्यावर पोरानं आईला मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवलं. जुनी मोटार, पाइप आणि कडब्याच्या पेंढ्यांशेजारी. "तिला मोकळं आवडतं मावशी, आत कशाला कोंडून ठिवायचं?" हे त्यानं मला तोंडावर सांगितलं. ऐन वैशाखात पत्र्याखाली मोकळं! मी तिला परळीला चल म्हणून हात धरून ओढलं. ती म्हणाली, "मी आले तर गयाचं कसं?" मागच्या दारानं आत शिरून ती टाकी उपसतच होती. एका दुपारी तिथंच, त्या पत्र्याखाली, ती गेली. डॉक्टरनं हृदयाचं कारण लिहिलं. मी काही डॉक्टर नाही. पण ज्याला शंका असेल त्यानं वैशाखात त्या खोलीत तासभर बसून दाखवावं. शेवटचं दर्शनसुद्धा बाहेर मांडवात. "आत गर्दी हुईल मावशी, फळ्या..." असं म्हणून सुभाष थांबला. निदान वाक्य पुरं करायची तरी लाज वाटली.

तेराव्याला मात्र नवल पाहिलं. आक्काच्या जुन्या खोलीत तिचा हार घातलेला फोटो लागला होता. भेटायला आलेल्या पुढाऱ्यांना सुभाष चपला काढायला लावून आत नेत होता आणि कोपऱ्यातल्या कमानी दाखवत होता. "आईच्या हातची खूण हाय सायेब. जलमभर जपनार." त्याचे डोळे भरून आले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. कारण फोटोच्या बरोबर खाली ते यंत्र चालू होतं... काठोकाठ भरलेलं, तिच्या बोटांवर वाफ सोडत.

मी वाकले, बटण बंद केलं आणि टाकी ओढून काढली. पुढाऱ्यांच्या मधून, सागवानी दिवाणखान्यातून, ओल्या पायांनी चालत निघाले. "मावशी, सांडतंय!" सुभाष मागनं म्हणाला. "सांडू दे," मी म्हटलं.

गयाबाईच्या घरात दिवस सुतकासारखाच चालला होता, दार अर्धं लोटलेलं. पण दुपारच्या चहाची वेळ झाली होती आणि तिचा हंडा उंबऱ्याबाहेर येऊन बसला होता. आक्का आता येणार नाही हे तिला माहीत होतं, तिरडीला हात तिनंही लावला होता. तरी ती रोज त्या वेळेला हंडा बाहेर काढून ठेवत होती. मी टाकी त्यात ओतली. हंडा काही भरला नाही.