पांढरी शिलाई

गल्लीत तिला सगळे रंगवालीच म्हणत. विटलेल्या पँटी, फिकट पडदे, डागाळलेले शर्ट लोक आणून टाकायचे आणि ही मागच्या मोरीत स्टोव्हवर जुनं पातेलं चढवून त्यांना नवा रंग द्यायची. जिभेला हाड नव्हतं. "कापड काळं होईल, शिलाई नाही. दोरा पॉलिस्टरचा असतो, तो रंग धरत नाही. मागाहून माझ्या नावानं खडे फोडू नका," असं प्रत्येकाला आधीच ठणकावायची.

नवरा दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तो गेला, तेव्हा हिच्या डोळ्यांत पाण्याचं टिपूस नाही. "बाई दगडाची आहे," शेजारीण म्हणाली, आणि ते फिरून हिच्या कानावर आलंच. राग यायला हवा होता, तोही आला नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तशी ती आतून झाली होती. शेजारीण म्हणते ते खरंच असलं तर काय, एवढीच एक भीती तिला होती.

खुंटीवर त्याचा कामावरचा पांढरा शर्ट तसाच होता.

"आई, देऊन टाकू या कुणाला तरी," लेक म्हणाली. ती कपड्यांच्या दुकानात कामाला होती.

"चांगलं सुती कापड आहे, देतेस कुठे? काळा करून देते. तुला दुकानात काळाच लागतो."

"ढगळ होईल गं."

"हल्ली मुद्दाम ढगळच तर घालता तुम्ही."

तिनं शर्ट आधी ओला केला, गरम पाण्यात रंग कालवला, मूठभर मीठ टाकलं आणि काठीनं ढवळत बसली. आपण काय बुडवतोय याचं तिला काही वाटत नव्हतं. नेहमीचं काम, नेहमीचा वास.

वाळल्यावर लेकीनं शर्ट उलगडला. कापड काळंभोर, आणि शिलाई सगळी पांढरीफेक. जगाला शहाणपण सांगणारी स्वतःला सांगायची विसरली होती. शिंप्याच्या टिपा सरळ रेघेत होत्या. खिशाच्या कडेला मात्र वेडेवाकडे, लांब लांब टाके होते, एकावर एक चढलेले.

"हे तू घातलेस?" लेकीनं विचारलं. "उसवून काळ्या दोऱ्यानं नीट घालून दे ना."

तिनं कात्री घेतली. टाक्यांवरून बोट फिरवलं. खिसा उसवलाय, असं तो बोलला होता खरा. दोनदा बोलला होता. टाक तिथे, बघते, असं ती म्हणाली होती, कारण समोर लोकांच्या कपड्यांचा ढीग होता. त्यानं तिसऱ्यांदा विचारलंच नाही. कधीतरी स्वतःच सुई घेऊन बसला असणार. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार होतं?

कात्री तिच्या हातातून खाली पडली.

"मी बघते म्हणाले होते गं," ती लेकीला म्हणाली, आणि शर्टात तोंड खुपसून रडायला लागली.