अर्धा अंश चढलेला पारा

लातूरला माझ्या बहिणीचा मुलगा एका नावाजलेल्या क्लासला जातो. रासायनिक अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते की शोषली जाते, हे तो प्रश्न पुरता वाचायच्या आधीच सांगतो. बाहेर पडली तर उणे चिन्ह, शोषली तर अधिक. मागे मी तिकडे गेले होते तेव्हा मोरी तुंबली, म्हणून बहिणीने किराणा दुकानातून कॉस्टिक सोडा आणवला. आमच्या हुशाराने तो प्लास्टिकच्या डब्यात ओतून वर पाणी घातलं. डबा तापला तसा तो हातातून टाकून देऊन ओरडला, "मावशी, नळाला गरम पाणी आलंय का?"

मी नांदेडला अकरावी-बारावीला हाच विषय शिकवते, त्यामुळे मला हसूसुद्धा आलं नाही.

त्या पोराचा तरी काय दोष म्हणा. त्याने दोन वर्षांत परीक्षानळी हातात धरलेली नाही. आमच्याकडे प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून एकदा निघतं, बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, आणि तेही बाहेरून परीक्षक येणार असतो म्हणून. हा परीक्षक म्हणजे जावई. त्याला पोहे, जेवण, शाल, नारळ. जावयाने फक्त जेवायचं आणि सही करायची, भिंतीची ओल बघायची नाही.

यंदा जावई मी होते. नायगावच्या बाजूला एका कॉलेजात मला पाठवलं. स्टँडवर घ्यायला गाडी आली. तिथल्या रसायनशास्त्राच्या सरांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही निवांत बसा. बाकी समदं आम्ही करून ठेवलंय."

खरोखरच करून ठेवलं होतं. प्रयोग साधा होता. आम्ल आणि अल्कली एकमेकांत ओतायचे, त्यातून उष्णता निघते, तापमापीतला पारा किती चढला ते पाहायचं आणि त्यावरून किती ऊर्जा बाहेर पडली त्याचं गणित करायचं. पण फळा ओल्या फडक्याने घाईत पुसलेला होता आणि खिडकीच्या उजेडात त्यावरचा 'साडेसहा अंश' माझ्यासारख्या चष्मेवालीलाही स्वच्छ वाचता येत होता. पुस्तकातलं उत्तर धरायचं, उलटं गणित करत खाली यायचं आणि पारा किती चढला असता ते काढायचं, ही पद्धत इकडे सगळ्यांना येते. यात चोरी आहे असं कुणाला वाटतही नाही. याला इकडे तयारी म्हणतात.

पहिल्या पाळीतल्या उत्तरपत्रिका पाहत गेले. साडेसहा, साडेसहा, साडेसहा. निम्म्या पोरांनी तापमापी केसमधून बाहेरही काढलेली नव्हती. मग एका मुलीचा कागद आला. तिने लिहिलं होतं, अर्धा अंश. त्यावरून गणितही नीट केलं होतं, उत्तर पुस्तकापासून कोसभर लांब.

मी तिच्या टेबलाशी गेले. "अर्धाच?"

"हाव मॅडम. दोन बार करून पाह्यलं. पारा लई हलतच न्हाई."

मी स्वतः ओतून पाहिलं. पारा जागचा किंचित हलला आणि थांबला. चंचुपात्राला हात लावला तर गार. बाटलीतलं आम्ल मी जरा तपासलं आणि सरांकडे पाहिलं. सर हसले. "बजेट न्हाई ना मॅडम. मागच्या सालचंच पुरवून वापरून राहिलो." पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतात, तसं आम्लात पाणी घालून त्यांनी दोन वर्षं काढली होती. त्या पाण्यातून साडेसहा अंश काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणजे अख्ख्या वर्गात बरोबर एकटी ही मुलगी होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वीस वर्षं शिकवून क्वचित वाट्याला येतो तसला.

सर मात्र कुजबुजले, "हिचे मार्क कापा, मॅडम. न्हाईतर बाकीच्यांचं काय? तशी पोरगी चांगली हाय, बी.एस्सी.ला लातूरला जायचं म्हणून घरच्यांच्या मागं लागलीय. टक्के आले तर पाठवतो म्हनला तिचा बाप."

"कापायचे असतील तर बाकी सगळ्यांचे कापते," मी म्हणाले आणि तडक प्राचार्यांकडे गेले. नवं आम्ल आणा, साऱ्यांना प्रयोग पुन्हा करू द्या, नाहीतर मी सही करणार नाही. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आधी जेवून घ्या. रस्सा गार होऊन राहिलाय." त्या इमारतीत उष्णतेची काळजी होती ती एवढीच. मी जेवले नाही. हुज्जत घातली. शेवटी नांदेडहून दुपारपर्यंत आम्ल मागवायला ते कसेबसे तयार झाले, आणि मी जिंकल्याच्या तोऱ्यात प्रयोगशाळेत परतले.

मुलीचा कागद टेबलावर पडला होता. अर्धा अंश खोडलेला होता. शेजारी सुवाच्य अक्षरात साडेसहा, आणि खाली पुस्तकातलं उत्तर. सर खिडकीपाशी उभे होते, फार समाधानी.

"पारा किती चढला होता गं?" मी विचारलं.

तिने आधी सरांकडे पाहिलं. "साडेसहा, मॅडम."

"मघाशी तू अर्धा म्हणाली होतीस. मी पण पाहिलाय."

ती मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सरांना ते दिसलं याचा संताप अजून जात नाही. दुपारी नवं आम्ल आलं. पुन्हा प्रयोग झाला, खराखुरा, आणि पारा चांगला सहा-साडेसहा अंश चढला. पण तिने तापमापीकडे पाहिलंच नाही. सरळ साडेसहा लिहून मोकळी झाली.

तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. ती लातूरला जाईल. तिथे तिचं उत्तम चालेल.