टाकीतलं पाणी नितळ झालं

माशांच्या टाक्यांच्या या ग्रुपवरच्या मंडळींनो, गढूळ पाण्याचे फोटो टाकून तुम्हाला सतावणारा कळंबचा म्हातारा तो मीच. आज पाणी नितळ झालं.

बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. माझं मन रमावं म्हणून लेकीनं, मीनानं, दिवाळीत ही खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठीची काचेची टाकी मांडून दिली आणि ती रत्नागिरीला नोकरीवर परत गेली. मासे सोडायच्या आधीच पाणी ताकासारखं पांढरं झालं. मी रोज पाणी बदलायचो, फिल्टरचा स्पंज धुवायचो. तरी गढूळच.

मग रोज संध्याकाळी मीनाचा व्हिडिओ कॉल यायला लागला.

"अण्णा, टाकी दाखवा बरं. आता तिला हात लावू नका. नव्या टाकीत जंतू वाढतात, ते आपोआप कमी होतील."

पाण्यावरून निघालेलं बोलणं जेवलात का, गोळी घेतली का, इथपर्यंत जायचं.

आज सकाळी बघतो तर टाकीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. लगेच तिला फोन केला.

"वा अण्णा! मिटली बघा काळजी," ती म्हणाली. कामात होती, म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी तिचा फोन आला नाही. वाट बघून मीच लावला.

"काय झालं अण्णा? पुन्हा गढूळ झालं का?"

"न्हाय गं. असंच केला."

पाण्याशिवाय काय बोलायचं, ते दोघांनाही सुचेना.

लांब राहणाऱ्या लेकरांशी तुम्ही काही कारण नसताना काय बोलता? खरंच सांगा. उद्या मला पुन्हा फोन लावायचाय.