पहिल्या बाकावरची सकिना

बाळांनो, आज दारावर सुरंगीचे गजरे विकायला आले आणि त्या वासासरशी मी कॉलेजच्या वर्गात जाऊन बसले. पहिल्या बाकावर माझ्याशेजारी सकिना असे, केसांत सुरंगी माळलेली. तिला लांबचं दिसत नसे. पण चष्मेवाली मुलगी कोण पसंत करणार, म्हणून घरचे चष्मा घेऊन देत नसत.

इंग्रजीचे नवे सर म्हणाले, "नीट शिकवायचं तर आधी तुम्ही मला कळायला हवात. कशासाठी शिकता, अभ्यास कधी करता, सांगा."

"प्राध्यापक व्हायचंय, पहाटे वाचते," असं आम्ही मुलींनी एकामागून एक ठोकून दिलं. सकिना खरं बोलली.

"अब्बा बोटीवरून येईपर्यंत शिकायचं, सर. मग निकाह. अभ्यास चुलीपुढं, जमेल तसा."

"मग पुढची जागा कशाला अडवतेस? मागं बस. भाकऱ्या भाजायला फळा दिसावा लागत नाही."

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरून सकिनाला फळ्यावरचं अक्षर दिसेना. आठवड्याभरात तिनं कॉलेज सोडलं. सरांना विद्यार्थी किती चटकन ओळखता येतात, याचं तेव्हा फार कौतुक झालं.

पहिल्या बाकावरच्या आम्हा भावी प्राध्यापिकांची लग्नं त्याच वैशाखात लागली.