फिकरीला न हटलेला इशारा

कॉम्प्युटर अपडेट झाला की इजिप्तमधल्या तांता शहरातले दुकानदार आधी कपाळावर हात मारत आणि मग फिकरीला फोन लावत. प्रोग्रॅम उघडताना इशाऱ्याची चौकट आलेली असे: 'हे यापुढे नीट चालेल याची खात्री नाही. तरी पुढे जायचं?' फिकरी येई, चहा पिई, खालच्या 'पुन्हा दाखवू नका'वर टिचकी मारी आणि गंभीर चेहऱ्याने निघून जाई. पन्नाशीच्या या सडाफटिंग माणसाचं सगळं नाव त्या टिचकीवर उभं होतं.

फक्त इन्शिराहपुढे त्याची मात्रा चालेना. या विधवेच्या दुकानात मशीनवर भरतकाम होई, आणि तिथला इशारा कितीही घालवला तरी आठवड्याभरात परत हजर. फिकरीच्या खेपा इतक्या वाढल्या, की त्याने शेवटी लग्नाचंच विचारलं. ती हो म्हणाली. तिच्या आत्याने नाक मुरडलं.

निकाहाला तिथल्या रिवाजाप्रमाणे फिकरीने, वधूच्या वतीने बसलेल्या इन्शिराहच्या मामाच्या हातात हात दिला. वर पांढरा रुमाल पडला. आता निकाह लागेपर्यंत हात सोडणं म्हणजे अपशकुन. निकाहनामा वाचायला मौलानांनी लॅपटॉप उघडला. तो सकाळीच अपडेट झाला होता, आणि समोर येईल ते मोठ्याने वाचायची मौलानांना सवय होती.

"हे यापुढे नीट चालेल याची खात्री नाही," त्यांनी खणखणीत वाचलं. "तरी पुढे जायचं?"

आत्या ताडकन उठली. "ऐकलंत? मी म्हणतच होते! चल गं घरी, मोडलं हे लग्न."

"आत्याबाई, कॉम्प्युटरचा इशारा आहे तो!"

"मग घालव की! तुझाच धंदा ना?"

फिकरीने हात ओढून पाहिला. मामाने आणखी आवळला. "हलू नका जावईबापू, ही बया आपल्याला जिवंत सोडायची नाही."

चार बायका चपला शोधू लागल्या. फिकरीला खरोखरच रडू यायला लागलं.

इन्शिराह उठली, मौलानांच्या खांद्यावरून वाकली आणि खालच्या कोपऱ्यात टिचकी मारली. चौकट गेली.

"वाचा पुढे, मौलाना."

फिकरी बघतच राहिला. "तुला येतं हे?"

"दुसऱ्या खेपेलाच बघून ठेवलं होतं."

"मग तुझ्या दुकानातला इशारा परत कसा यायचा?"

"मी आणायचे म्हणून," इन्शिराह म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. आत्याही बसली.

"कबूल!" फिकरी ओरडला.

"थांब रे," मौलाना म्हणाले, "मी अजून विचारलं कुठेय?"